डिस्कच्या आत चाललेलं अखंड काम

कॉम्प्युटरमधली साडेतीन इंची हार्ड डिस्क चालू असते तेव्हा तिच्या पोटातल्या चकत्या सहसा मिनिटाला ७,२०० फेरे घेत असतात. चकतीची बाहेरची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगानं पळते. या पळत्या पृष्ठभागावर एक इवलंसं हेड तरंगत असतं, पण ते चकतीला टेकत नाही. चकतीबरोबर ओढली गेलेली हवा त्याच्याखाली शिरते आणि त्याला अधांतरी उचलून धरते. लिहिता-वाचताना हेडचं टोक आणि चकती यांच्यात जेमतेम पाच नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी फट उरते. डीएनएचा गोफ सुमारे दोन नॅनोमीटर रुंद असतो. असे तीन गोफ एकमेकांना चिकटून ठेवले तर त्या फटीत मावणार नाहीत.

एवढ्यावर भागत नाही. चकतीवर एकात एक अशी हजारो वर्तुळं असतात, नव्या डिस्कमध्ये तर एका इंचाच्या रुंदीत काही लाख. हेडला त्यातलं नेमकं एक वर्तुळ धरून राहायचं असतं. म्हणून चकतीवर ठिकठिकाणी जागा दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच लिहून ठेवलेल्या असतात. हेड त्या खुणा सेकंदाला हजारो वेळा वाचतं, आपण किती सरकलो ते ताडतं आणि त्याला धरून असलेला दांडा लगेच सावरून घेतो. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचा अभियंता ब्रेंडन ग्रेग यानं चालू डिस्कच्या मांडणीसमोर उभं राहून जोरात आरोळी ठोकली. त्या क्षणी डिस्कचं काम कसं अडखळलं, ते समोरच्या आलेखावर स्पष्ट उमटलं. माणसाच्या आवाजानं चकती थरथरली होती, आणि हेडला आपली वाट पुन्हा शोधावी लागली होती.

फाइल सेव्ह केली की ती तिथं निवांत पडून राहते, असं आपण धरून चालतो. आत डोकावलं की दिसतं, निवांत असं तिथं काहीच नाही. प्रत्येक बिट कुणीतरी सतत सावरत असतं, तपासत असतं, गरज पडली तर नव्यानं लिहीत असतं. बॅकअप हा या कामाचाच पुढचा टप्पा आहे. फरक इतकाच, की हा टप्पा यंत्र आपल्यावर सोपवतं.

पहिली हार्ड डिस्क १९५६ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूनं ती केली होती. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावणारी अक्षरं ५० लाख. आज मोबाइलनं काढलेल्या एकाच फोटोनं ती पुरती व्यापली असती. तिथून आजच्या ३० टेराबाइटच्या डिस्कपर्यंतचा प्रवास म्हणजे चुंबकीय खुणा लहान-लहान करत जाण्याचा प्रवास. खूण जितकी लहान, तितकं तिचं चुंबकत्व क्षीण, आणि क्षीण चुंबकत्व वाचायला हेडही तितकंच तल्लख हवं. फ्रान्सच्या आल्बेर फेर आणि जर्मनीच्या पेटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे एक शोध लावला: काही अणूंच्या जाडीचे धातूचे थर एकावर एक ठेवले, तर अगदी हलक्या चुंबकीय क्षेत्रानंही त्यांचा विद्युतरोध खूप बदलतो. १९९७ मध्ये या तत्त्वावरची हेड्स आयबीएमच्या डिस्कमध्ये बसली. दोघांना २००७ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

लहान करण्यालाही हद्द असते. चुंबकीय कण फार बारीक झाला, की खोलीतली साधी उष्णता त्याची दिशा आपोआप उलटवू शकते. मग अभियंत्यांनी लोह आणि प्लॅटिनमचा असा मिश्रधातू घेतला, की ज्याची दिशा सहजासहजी बदलत नाही. पण मग त्यावर लिहायचं कसं? तर हेडमध्येच सूक्ष्म लेझर बसवायचा, लिहायच्या जागेपुरता ठिपका ४०० अंश सेल्सियसच्या वर तापवायचा, तेवढ्यात खूण करायची, आणि सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शाच्या हिशेबात तो थंड होऊ द्यायचा. अशा डिस्क आता बाजारात आहेत. खोलीत बसून आपण ‘सेव्ह’ म्हणतो, तेव्हा अशा डिस्कच्या आत हे चाललेलं असतं.

हल्लीच्या लॅपटॉपमध्ये मात्र फिरणारी चकती सहसा नसते. तिथं एसएसडी असते, मोबाइल आणि पेन ड्राइव्हमध्येही तिचीच भावंडं. बेल लॅब्समध्ये दावोन कांग आणि सायमन झे यांनी १९६७ मध्ये एक कल्पना मांडली होती: चहूबाजूंनी विद्युतरोधक पदार्थानं वेढलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तिच्यातून फ्लॅश मेमरी घडवली. या कप्प्याला दार नसतं. भौतिकशास्त्राच्या जुन्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनला आत जायला वाटच नाही. पण पुरेसा विद्युतदाब लावला, की तो भिंतीच्या अलीकडून पलीकडे उगवतो. पुंजभौतिकीतला हा चमत्कार आपण रोज खिशात घेऊन हिंडतो.

सुरुवातीला कप्पा भरलेला की रिकामा एवढंच बघायचं होतं. आता स्वस्त एसएसडीमध्ये एका कप्प्यात चार बिट कोंबतात, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या सोळा वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. तांब्यात पाणी सोळांपैकी कुठल्या रेघेपर्यंत आहे ते अचूक सांगायचं, आणि तांब्याला बारीक पाझर आहे हेही ठाऊक असायचं, असा तो प्रकार. पाझर खरोखरच असतो. दर वेळी भिंत ओलांडणारे इलेक्ट्रॉन तिला थोडं थोडं जखमी करतात, आणि जखमी भिंतीतून साठा हळूहळू निसटतो. उष्णतेत जास्तच वेगानं निसटतो. ड्राइव्हला वीज मिळत असते तोवर आतला नियंत्रक ढळू लागलेला डेटा हेरून दुसरीकडे नव्यानं लिहू शकतो. वीज नसेल तर सांभाळायला कुणी नाही. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचा जो मानदंड आहे, त्यात लिहिण्याची सगळी क्षमता वापरून झालेली ड्राइव्ह ३० अंश तापमानात, विजेविना, एक वर्ष डेटा राखेल एवढीच अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह त्याहून पुष्कळ जास्त टिकते. तरी लग्नाचे फोटो जुन्या एसएसडीत भरून ती विदर्भात उन्हाळ्यांमागून उन्हाळे कपाटात पडू द्यावी, असं मी कुणालाही सांगणार नाही.

फ्लॅशची आणखी एक खोड समजून घेण्यासारखी आहे. तिथं लिहिलेल्यावर पुन्हा गिरवता येत नाही. लिहायचं लहान पानांत, पुसायचं मात्र शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम. त्यामुळे पत्रातला एक स्वल्पविराम बदललात, तरी ते पान भलतीकडेच नव्यानं लिहिलं जातं, आणि जुनं पान रद्द म्हणून नोंदलं जातं. कुठलं पान आता कुठं आहे याचा नकाशा नियंत्रक सतत बदलत राहतो. सगळे कप्पे सारखे झिजावेत म्हणून न हललेला डेटासुद्धा इकडून तिकडे नेतो. तुमची फाइल वर्षभर कुणी उघडली नसेल, तरी ती मधल्या काळात जागा बदलून आलेली असू शकते.

डिलीट केलेली फाइल परत मिळण्याची शक्यताही यावरच ठरते. हार्ड डिस्कवर डिलीट केलं की सहसा फक्त यादीतलं नाव जातं. मजकूर तिथंच राहतो आणि वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो काढता येतो. म्हणून चुकून काही पुसलं गेलं, तर पहिलं काम म्हणजे ती डिस्क वापरणं थांबवणं. एसएसडीच्या बाबतीत मात्र कॉम्प्युटर ‘ट्रिम’ नावाचा निरोप पाठवून ही पानं आता नको आहेत असं ड्राइव्हला कळवतो, आणि ड्राइव्ह सवडीनं ती खरोखरच साफ करते. तिथं दुकानदारानं ‘काढून देतो’ म्हटलं तरी आशा फार धरू नये.

आता या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग. खुणा इतक्या क्षीण आणि पातळ्या इतक्या जवळजवळ असताना वाचलेलं प्रत्येक वेळी बरोबर कसं येतं? खरं उत्तर असं, की ते बरोबर येतच नाही. वाचताना चुका होतातच, आणि त्या आपल्यापर्यंत पोचण्याआधी गणित त्या निस्तरतं. कल्पना घ्यायची तर ४, ७ आणि २ हे आकडे लिहा आणि शेजारी त्यांची बेरीज १३ लिहा. मधला आकडा पुसला गेला, तरी १३ मधून ४ आणि २ वजा करून ७ परत मिळतात. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या ‘रेड’ या रचनेच्या मुळाशी हेच आहे. बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी तिचं नामकरण करणारा निबंध १९८८ मध्ये मांडला. कुठला आकडा बिघडला हे ठाऊक नसेल, तर एक बेरीज पुरत नाही, अनेक समीकरणं लागतात. बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग यांचं काम चूक सापडली की थांबून बसणाऱ्या यंत्रामुळे पुन्हा पुन्हा वाया जाई. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, मग ती कुठं झाली ते का कळू नये, या प्रश्नातून त्यांनी १९५० मध्ये आपली संकेतपद्धती प्रसिद्ध केली.

यात एक भारतीय धागा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले राजचंद्र बोस पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात होते. तिथं त्यांनी आणि द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांनी १९६० मध्ये चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचं एक मोठं कुटुंब शोधलं. फ्रान्सच्या ओकेंगेम यांना ते स्वतंत्रपणे वर्षभर आधी सापडलं होतं. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘बीसीएच’ म्हणतात, आणि फ्लॅश ड्राइव्हमध्ये कित्येक वर्षं त्यांनीच चुका निस्तरल्या. याच बोसांनी १९५९ मध्ये शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांच्या साथीनं ऑयलरचं १७८२ चं एक अनुमान खोटं ठरवलं होतं. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. पेन ड्राइव्ह हातात घेतली की मला ही माणसं आठवतात. आज एसएसडीमध्ये त्याहून ताकदवान संकेत असतात. त्यांचं बीज रॉबर्ट गॅलॅगर यांच्या १९६० च्या प्रबंधात आहे. तेव्हाच्या यंत्रांना ते गणित पेलण्याजोगं नव्हतं, म्हणून ते जवळपास तीन दशकं बाजूला पडून राहिलं.

इतकं सगळं असूनही ड्राइव्हला एक गोष्ट कधीच कळत नाही: काय जपायचं आणि काय नाही. तुम्ही चुकून रिकामी फाइल जुन्या नावानं सेव्ह केलीत, तर ड्राइव्ह ती रिकामी फाइल तितक्याच निष्ठेनं सांभाळते. रेडमध्ये एक डिस्क मेली तर काम थांबत नाही हे खरं, पण चुकीची आज्ञा सगळ्या डिस्कवर एकाच क्षणी पोचते. गुगल फोटोज किंवा वनड्राइव्हसारख्या सोयी तुमचा फोन आणि दूरचा सर्व्हर सारखे ठेवतात. सारखं ठेवणं म्हणजे इथं पुसलं की तिथंही पुसलं जाणं. कचरापेटीत काही दिवस ते राहतं, मग जातं. बॅकअप म्हणजे आजच्या बदलाचा ज्याला स्पर्श होत नाही अशी कालची प्रत.

या फरकाची किंमत डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीनं मोजली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम तिच्या जाळ्यात शिरला. कुठला कर्मचारी कोण, कुणाला कुठं प्रवेश, ही सगळी माहिती जगभरातल्या सुमारे दीडशे सर्व्हरवर होती, आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असत. इतक्या प्रती असताना वेगळा बॅकअप कशाला, असं वाटणं साहजिक होतं. ते सगळे सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यातला डेटा इंटरनेटवरून पाठवायला तिथली जोडणी फार मंद. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एकानं ती डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर नेऊन सहकाऱ्याच्या हाती दिली, आणि तिथून ती लंडनजवळच्या मेडनहेडला पोचली. कंपनीनं दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे केले. जगाच्या समुद्री व्यापाराचा मोठा हिस्सा वाहणारी कंपनी एका वीज खंडित झालेल्या डिस्कवर पुन्हा उभी राहिली.

तुटलेली, वेगळी वाढलेली प्रतच खरी साक्षीदार असते, हे आपल्याकडच्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांना फार पूर्वी कळलेलं आहे. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सांगितली गेली. त्यानंतर तीन शतकं ती हातानं उतरवली जात राहिली, आणि उतरवताना पाठ बिघडत गेले, ओव्या घुसल्या. एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाहिल्या आणि १५८४ मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळपास अर्धं शतक खपून तयार केली, तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. १९२५ मध्ये संपादनाची सूत्रं हाती घेणारे विष्णु सीताराम सुखटणकर यांची कसोटी अशी, की एकमेकांशी संबंध न आलेल्या दोन परंपरा जिथं एकच पाठ देतात, तिथं तो पाठ जुना मानावा. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी जुळली, तर त्या साक्षीला वजन आहे. एकाच पोथीवरून उतरवलेल्या पन्नास पोथ्या जुळल्या, तर ती एकच साक्ष. मर्स्कच्या दीडशे सर्व्हरचं नेमकं हेच झालं होतं. मोजायला दीडशे, पण साक्षीदार एकच.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’ चा नियम याच दृष्टीनं पाहिला की त्यातला प्रत्येक आकडा बोलू लागतो. मूळ धरून तीन प्रती, कारण एक बिघडताना दुसरीही बिघडण्याचा योग येऊ शकतो. दोन वेगळ्या प्रकारची साधनं, म्हणजे एकच दोष दोन्हींना एकदम गाठणार नाही. एक प्रत दुसऱ्या जागी, कारण पाणी आणि आग घरातल्या कपाटांमध्ये भेद करत नाहीत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा लॅपटॉप आणि त्याच्या शेजारच्या खणातली बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच पाण्यात होती, अशी घरं आणि दुकानं थोडी नसतील. दुसरी जागा म्हणजे क्लाउड असू शकते, किंवा दुसऱ्या गावात राहणाऱ्या बहिणीचं घर. मी घरासाठी एवढं सुचवेन: एक बाहेरची हार्ड डिस्क, महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी झाली की काढून ठेवायची. ती सुटी असणं महत्त्वाचं, कारण खंडणी मागणारा प्रोग्रॅम जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो. काढताना ‘इजेक्ट’ जरूर करा. कॉपी पूर्ण झाली असं पडद्यावर दिसतं, तेव्हा शेवटचा भाग अजून कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीतच असू शकतो.

प्रत आहे हे पुरेसं नाही, ती उघडते का हे पाहावं लागतं. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेनं भराभर नाहीशा झाल्या. बॅकअप होता, पण लावून पाहिला तर तो सदोष निघाला. बरेच दिवस तो नीट होतच नव्हता आणि कुणी तपासलं नव्हतं. चित्रपटाच्या तंत्र-दिग्दर्शक गॅलिन सुसमन नुकत्याच बाळंत झाल्यामुळे घरून काम करत होत्या, आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर बांधून स्टुडिओत आणला गेला.

तपासायचं सोपं साधन गणितानंच दिलेलं आहे. ‘शा-२५६’ सारखं सूत्र कुठल्याही फाइलचा ६४ चिन्हांचा ठसा काढतं, मग ती फाइल एका ओळीची असो वा तीन तासांच्या चित्रपटाची. तिच्यात एक बिट बदललं, तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत तो काढायची सोय असते, आणि बॅकअपचे चांगले प्रोग्रॅम तो स्वतःच ताडून पाहतात.

एक शेवटचं काम उरतं, आणि ते वर्षांच्या हिशेबातलं आहे. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या इंग्लंडच्या नोंदवहीला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीनं १९८६ मध्ये तिची नवी आवृत्ती लेझर डिस्कवर काढली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचू शकणारी यंत्रं इतकी दुर्मीळ झाली, की मजकूर सोडवायला संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला. १०८६ चं चर्मपत्र मात्र आजही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचता येतं. डिस्क शाबूत असूनही तिला जोडायची खाच नाहीशी होते, फाइलचा प्रकार विसरला जातो. म्हणून दर चार-पाच वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवावं, आणि दोन्हींकडचे ठसे जुळेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.